मागून घेतलेला बिबट्या

आमच्या गावात अजायबघर आहे असं सांगितलं की माझ्या माहेरचे लातूरकर आधी हसायचे. बिदर जिल्ह्यातलं, सरहद्दीवरचं, धुळीनं माखलेलं तालुक्याचं गाव. तिथं कसलं आलंय अजायबघर? मी म्हणायची, हसा खुशाल, पण आलात की बाकीचं काही दाखवायच्या आधी तिथंच नेणार आहे. आणि न्यायचीच. हसत आत गेलेला माणूस बाहेर येताना गप्प असायचा. त्याचं श्रेय थोडं बिबट्याला आणि जास्त माणिकराव सूर्यवंशींना.

निजामाच्या अमदानीत त्या इमारतीत करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं ठाणं होतं. शेजारच्या एका जहागीरदाराला शिकारीचा आणि मारलेलं जनावर भुसा भरून ठेवण्याचा नाद होता. जहागिऱ्या गेल्या, जहागीरदार हैदराबादेला निघून गेला, जनावरं मागं राहिली. सरकारनं ती उचलून ठाण्यात ठेवली. छप्पन साली आम्ही म्हैसूर राज्यात गेलो तेव्हा ही अस्वलं, हरणांची मुंडकी, मांजरा नदीतली एक मगर आणि बरण्यांतले सापही आमच्याबरोबर म्हैसूर राज्यात गेले. कुठं जायचंय असं ना त्यांना कोणी विचारलं, ना आम्हाला.

सूर्यवंशी सर हे या सगळ्याचे प्रमुख. हुमनाबाद तालुक्यातल्या दुबलगुंडीचे. बिदरला मैलूरमध्ये खोली घेऊन मॅट्रिक झाले, पुढं हैदराबादेला प्राणिशास्त्र शिकले आणि नेमणूक होऊन इथं आले. उंच, सडपातळ माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि खिशात पेनाच्या जागी बारीक दातांचा कंगवा. तो स्वतःसाठी नव्हता, कारण डोक्यावर विंचरण्याइतके केसच नव्हते. तो अस्वलासाठी होता. बोलता बोलता हात खिशात जायचा आणि अस्वलाच्या मानेवरून कंगवा फिरायचा. साहेब लोकांशी ते शुद्ध कानडी बोलत, बाजारात दखनी बोलत, आणि आमच्याशी मात्र दुबलगुंडीची मराठी. मी एकदा म्हटलं, सर, तुम्ही शिकलेले, पुस्तकी बोलता येतं तुम्हाला. तर म्हणाले, "येतंय की. पर ते बोलल्यावर लोक कसा सुधारलास म्हणून पाठ थोपटतेत. मला न्हाई आवडत थोपटून घ्यायला."

लग्न होऊन मी या गावात आले आणि मराठी शाळेत शिक्षिका म्हणून लागले. पाचवीचा वर्ग घेऊन पहिल्यांदा अजायबघरात निघाले तेव्हा हेडमास्तरांनी बोलावून बजावलं होतं: मुलांना लांबून दाखवा, कशाला हात लावू देऊ नका, आणि तिथलं पाणी कोणी पिऊ नका. शेवटचं वाक्य त्यांनी हळू आवाजात सांगितलं. का, ते मला कळलं होतं. सर दुबलगुंडीच्या महारवाड्यातून आलेले, आता बौद्ध. मी गेले, दालनं पाहिली, आणि निघताना दाराजवळच्या रांजणातून दोन पेले पाणी प्याले. क्रांती वगैरे काही नव्हती हो, एप्रिल महिना होता. पण मुलंही बघून ओळीनं पाणी प्याली, आणि दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांचं आणि माझं जे वाजलं ते पुढं अकरा वर्षं वाजत राहिलं.

सर मुलांना माहिती सांगत नसत. ते मुलांनाच विचारत. "ह्या घारीचे पाय बगा आन् बदकाचे बगा. आता सांगा, घार पोहत कामून न्हाई?" मुलं गोंधळली तर अर्धा अर्धा तास थांबायचे, पण उत्तर सांगायचे नाहीत. 'डोळ्यानं बगा, कानानं बगू नका,' हे त्यांचं पालुपद होतं. दुसऱ्यांनी सांगितलेलं घेऊन येऊ नका, समोर आहे ते पाहा, असा त्याचा अर्थ. जनावरांच्या बाबतीत ते हे बोलत, पण ऐकणाऱ्या मोठ्या माणसाला ते लागायचं. लागावं अशीच त्यांची इच्छा असावी.

आणि त्यांचा एक नियम होता. कोणी मेलेला पक्षी, घोरपड, खवल्या मांजर असं काही घेऊन आलं, तर त्यानं ते स्वतः आतल्या टेबलावर आणून ठेवायचं आणि सर कातडी सोडवत असतील तोवर स्वतः धरून उभं राहायचं. मग दोघांनी एकाच साबणानं हात धुवायचे. दारात टाकून पळून गेलेल्याचं जनावर ते घेत नसत. माझ्या वर्गातली कोहिनूर गावची एक मुलगी विजेच्या तारेला लागून मेलेला बंड्या धीवर पक्षी ओढणीत गुंडाळून घेऊन आली होती. सरांनी तिला टेबलापाशी स्टुलावर उभं केलं. "तू आणलीस ना? मंग पाय धर. घट्ट." ती धरून राहिली. त्याच आठवड्यात बाजारातले एक पैलवान घुबड घेऊन आले आणि पहिली चीर दिली तसे भिंतीला टेकून खालीच बसले. सरांनी त्यांना पाणी दिलं, वारा घातला आणि म्हणाले, "आता उठा. घुबड अर्धं राहिलंय."

नागपंचमीला अजायबघरात बायकांची ही गर्दी. सगळ्यांना बरणीतल्या नागाची पूजा करायची असे. माझ्या सासूबाईही त्यात. रानात वारुळ शोधत हिंडण्यापेक्षा हा नाग बरा, जागेवर सापडतो आणि फूत्कार टाकत नाही. सर कोणाला अडवत नसत, फक्त दुधाची वाटी आत नेऊ देत नसत. सासूबाईंनी विचारलं, "कामून? देवाला दूध नगं?"

"अक्का, तो मेलेला हाय."

"नागोबा मरत न्हाई."

"मंग बरणीत कोण घातलं तेला?"

"तुमीच की."

"व्हय, मीच. ह्याच हातानं धुतलं, ह्याच हातानं आत सोडलं. आता लावा कुंकू."

सासूबाईंनी कुंकवात बोट बुडवलं. मग लावलं त्यांनी कुंकू. ज्या हाताचं पाणी चालत नव्हतं त्या हातानं भरलेल्या बरणीला हळद-कुंकू चाललं. मी मागं उभी होते, मला हसू आवरेना, आणि सरही दुसरीकडे तोंड करून अस्वलाला विंचरायला लागले. घरी आल्यावर सासूबाईंनी मला आंघोळीला पिटाळलं. मी गेले नाही.

गावातल्या लोकांचं हे असं. पण सरांना जास्त टोचायचं ते घरचं. छप्पन सालानंतर आमच्या भागातल्या वस्त्या बौद्ध झाल्या आणि मेलेली ढोरं ओढायचं, सोलायचं काम लोकांनी एकदिलानं सोडलं. सोपं नव्हतं ते. गावं चिडली, कामं बंद झाली. सरांचे वडील, त्यांना सगळे अप्पा म्हणत, दुबलगुंडीत त्या सगळ्यांच्या पुढं होते. आणि त्याच अप्पांचा मुलगा हैदराबादेला शिकून आला आणि सुरी घेऊन बसला. अप्पा एकदाच सरांच्या घरी आले, तेही मुलाशी भांडायला. मी तेव्हा शाळेसाठी फुलपाखरांची पेटी मागायला गेले होते, म्हणून कानावर पडलं.

"आमी उपाशी राहून सोडलाव ते," अप्पा म्हणत होते, "आन् तू पगार घिऊन करायलास."

"अप्पा, ते येगळं, हे येगळं."

"मेलेलं ते मेलेलं. कातडं ते कातडं. तुला शिकीवलं ते ह्याच्यासाठी व्हय?"

अप्पा बिनजेवता गेले. ते अजायबघराची पायरीही चढले नाहीत. आमच्या गावातल्या बौद्ध वस्तीतले लोकही सरांशी नमस्कारापुरते होते. सर म्हणाले, "बाई, गाव मला शिवत न्हाई कारण मी वस्तीतला हाव, आन् वस्ती मला जवळ करत न्हाई कारण मी मढी शिवतो. मंग मी राहिलाव कुठं? अस्वलापाशी." आणि हसले. मला ते हसणं आवडलं नाही.

बिबट्याचं मात्र ऐकण्यासारखं. डोंगराकडच्या एका गावात विहिरीत बिबट्या पडून मेला अशी बातमी आली. सर त्याच पावली बस धरून गेले, आणि गावकऱ्यांना हात जोडून तो बिबट्या मागून घेतला. आयुष्यात मी कोणाकडं काही मागितलं नव्हतं, ते तिथं मागितलं, असं ते सांगत. परत येताना एसटीच्या टपावर बिबट्या आणि त्याच्याशेजारी, कंडक्टरनं खाली बसू दिलं नाही म्हणून, स्वतः सर. प्रत्येक थांब्यावर माणसं गोळा व्हायची. एका म्हातारीनं म्हणे विचारलं, "पोरा, ह्यातला जित्ता कोण?" चार दिवस सर घरी गेले नाहीत. बिबट्या उभा राहिला तेव्हा एक पाय उचललेला, मान किंचित वळवलेली, जणू कोणीतरी हाक मारली आहे. जहागीरदाराची सगळी जनावरं दात विचकून उभी होती. सरांच्या बिबट्याचं तोंड मिटलेलं होतं. "चोवीस तास कोण डरकाळ्या फोडतंय?" ते म्हणायचे.

आता पाटलांच्या बैलाचं. गावचे पाटील अजायबघराच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांचा सोन्या नावाचा बैल जत्रेत नंबर काढलेला, तो दुखण्यानं मेला. वस्तीतलं कोणी ओढायला येणार नाही हे पाटलांना ठाऊक होतं. मग त्यांनी डोकं लढवलं. गड्यांनी तोंडाला फडकी बांधून, दोरखंड लावून, गाडीमागं फरफटत बैल आणला आणि अजायबघराच्या अंगणात सोडून दिला. मागोमाग पाटील आले. "सूर्यवंशी, सोन्याला भुसा भरून ठिवा. अध्यक्ष म्हणून सांगायलाव."

शाळा शेजारीच, दुपारची सुट्टी होती, शाळेतले आम्ही सगळे कुंपणापाशी जमलो होतो. कोणालाही कळत होतं की हे अजायबघराचं काम नाही, जुनं काम नव्या दारानं आत आणलंय.

सर म्हणाले, "ठिवू की. हितला नियम तुमाला म्हाईत हाय. आणणाऱ्यानं आत आणायचं, आन् आणणाऱ्यानं धरायचं. तुमी डोकं धरा, पाटील. मी सुरी घिऊन येतो."

"मी धरू?"

"पाचवीची पोरगी धरती."

पाटील लाल झाले आणि गेले. बैल तिथंच. दुसऱ्या दिवशी उन्हानं फुगला. शाळा सोडून द्यावी लागली. बिदरहून मोठे साहेब जीपनं आले, नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि कानडीत म्हणाले, अहो, तुम्ही बिबट्या सोलता, मग बैलानं काय घोडं मारलंय? उगाच ताणू नका, उरकून टाका.

सरही कानडीतच बोलले. मला कानडी येते, म्हणून ते उत्तर मला अजून पाठ आहे. "साहेब, बिबट्या मी मागून घेतला. बैल माझ्यावर टाकला."

तेवढ्यात पाटलांची म्हातारी आई काठी टेकत आली. सोन्याला वासरू असल्यापासून तिनं पेंड चारलेली. तो तसा पडलेला बघून ती खाली बसली, त्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि मागं उभ्या असलेल्या नातवांना म्हणाली, "जित्ता हुता तवर तेच्या जिवावर मिशीला पीळ देत हिंडलाव. आता हात लावाया लाज वाटती व्हय रं? उचला." पाटलांच्या दोन्ही मुलांनी गड्यांबरोबर हात लावून बैल गाडीत चढवला आणि स्वतःच्या शेतात नेऊन पुरला. जाताना म्हातारी सरांना म्हणाली, "तुमी या मातीला." बोलावलं तसं सर गेले, पाहुण्यासारखे, आणि मूठभर माती टाकून आले. सगळ्या प्रकरणात शहाणं माणूस ती एकटीच.

पाटील मात्र हे विसरणार नव्हते. बंगळूरला त्यांचे हात पोचलेले. पावसाळा संपायच्या आत हुकूम आला: अजायबघर बंद, सगळा संग्रह गुलबर्ग्याच्या गोदामात हलवायचा, आणि सूर्यवंशींनी त्याच्यासोबत तिथं हजर व्हायचं. गोदाम म्हणजे वाळवी आणि उंदीर. साहेबांनी खासगीत सांगितलं, पाटलांच्या घरी जाऊन माफी मागा, मी हुकूम थांबवतो. सर म्हणाले, "कशाची माफी ते तेंनी सांगावं. मला सापडंना." मी रागावले होते त्यांच्यावर तेव्हा. म्हटलं, सर, दोन शब्द बोला आणि मोकळे व्हा, बिबट्यासाठी तरी. ते म्हणाले, "बाई, वाकून राखलेला बिबट्या मला बगवणार न्हाई."

ट्रक आला तो रविवारी. सोबत पाटलांनी दिलेला मुकादम आणि बाजारातले हमाल. पाटील स्वतः खुर्ची टाकून अंगणात बसलेले. हमाल आत गेले आणि तसेच बाहेर आले. "पोती सांगा, आबाळापोत्तर रचताव. हे मढं न्हाई शिवायचाव." मुकादमानं समजूत घातली, शिव्या दिल्या, जास्त मजुरी कबूल केली. कोणी हलेना. अख्ख्या बाजारात एक भुसा भरलेला कोल्हा उचलायला माणूस मिळेना. मुकादम शेवटी सरांकडंच आला. "साहेब, तुमीच हात लावा की. तुमाला काय, सवय हाय."

"मी हितं ठिवायला हाव," सर म्हणाले. "न्यायला न्हाई."

मग मुकादम वस्तीत गेला. वस्तीतली घरं सरांवर नाराज, पाटलांची कामं त्यांना हवी असणार, आणि मजुरी दुप्पट. थोड्या वेळानं वस्तीकडून लोक येताना दिसले. पाच-दहा नव्हे, सगळी वस्तीच, बायका-पोरांसकट, धुतलेल्या कपड्यांत. सगळ्यांच्या पुढं अप्पा. हुकमाची बातमी दुबलगुंडीला पोचल्यावर ते दोन दिवस आधीच येऊन वस्तीत बहिणीकडं उतरले होते, मुलाकडं नाही.

मुकादमाचा जीव भांड्यात पडला. "आलाव का? चला, अस्वलापासनं सुरू करा."

अप्पा त्याच्या बाजूनं पुढं गेले, तिकिटाच्या खिडकीशी थांबले आणि म्हणाले, "समद्यास्नी तिकिटं द्या. बगायला आलाव."

पाटील खुर्चीतून उठले. "अजायबघर बंद झालंय."

"सामान हललं की बंद," सर म्हणाले. "सामान हितंच हाय. तुमी लाईनीतून जरा बाजूला व्हा, पाटील. लोकांना आत जायचंय."

पाटलांना बाजूला व्हावं लागलं. ट्रक त्या दिवशी रिकामा गेला. पुढं दोनदा आला, दोन्ही वेळा रिकामाच गेला, आणि सामान उचललं जात नाही तोवर सरांना सोडता येईना, म्हणून सर तिथंच राहिले आणि तिथूनच रिटायर झाले. कागदावर अजायबघर कित्येक वर्षं बंद होतं आणि रोज दहाला उघडत होतं. माझी पाचवी दरवर्षी गेली. हेडमास्तर बदलले, तरी गेली.

सरांना त्यानंतर मी पुष्कळदा पाहिलं, पण नाव काढलं की डोळ्यांपुढं येतात ते त्या रविवारचे. मी लोकांच्या मागं आत गेले होते. पोरं मगरीभोवती जमलेली, बायका बरण्यांपाशी. अप्पा कुठंच न थांबता बिबट्यासमोर जाऊन उभे राहिले. सर त्यांच्यापासून दोन हात लांब, शाळेतल्या मुलासारखे हात मागं बांधून. अप्पा बिबट्याला एका बाजूनं बघून दुसऱ्या बाजूला गेले, वाकले, पोटाखालून पाहिलं, पुन्हा समोर आले.

"हे तू केलास?"

"व्हय, अप्पा."

"कोणी लावलं तुला ह्या कामाला? साहेबानं? गावानं?"

"कोणीच न्हाई. मला आवडतंय."

अप्पांनी पुन्हा बिबट्याकडं पाहिलं. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

"मंग कर," अप्पा म्हणाले.